सुमीचा गूळ

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. नवऱ्यालाही नाही. अंबाबाईपुढं हात जोडतानासुद्धा नेमकं एवढंच गिळलंय. तुम्हाला सांगते — नुसतं ऐका.

माझी धाकटी बहीण सुमी आठव्या वर्षापासून इन्सुलिनवर. आता ती पुण्यात एका प्रयोगशाळेत संशोधन करते. गेल्या महिन्यात मला तिथं घेऊन गेली, सूक्ष्मदर्शकापुढं बसवून म्हणाली, "आक्के, डोळा लाव हितं." लावला. काळ्या अंधारात हिरवे ठिपके उजळलेले — किती म्हणून सांगू! अंगावर काटा आला.

"हिरवं दिसतंय ते समदं इन्सुलिन," सुमी म्हणाली. "उंदराच्या स्वादुपिंडातल्या पेशी हायत ह्या. ह्यांचं मूळ काम साखर वाढवायचं. शेजारच्या इन्सुलिनवाल्या मेल्या, मग आम्ही ह्यांनाच ते काम शिकवलं. माणसाला द्यायला लई वेळ हाय अजून. पर शिकत्यात की!"

अगं बाई गं! डोळ्यांना न दिसणारी पेशी, आणि जन्माचं वळण सोडते? शेजारणीचं काम अंगावर घेते? मला डोळा काढवेचना.

तेवढ्यात सुमी शेजारच्या मुलीला हसत सांगायला लागली, "लहानपणी गूळ चोरून खाऊन मरायला टेकलेली मी. आक्कानं बघितलं, म्हणून कळलं तरी." मी डोळा भिंगावरनं उचललाच नाही.

कसं सांगू? — मी सोळा वर्षांची, सुमी दहाची. पाडव्याच्या आदल्या दिवशी फ्रीजमध्ये श्रीखंडाचं पातेलं मावेना. मी सुमीची इन्सुलिनची बाटली उचलली आणि वर बर्फाच्या कप्प्यात टाकली. गोठली की ती वाया जाते, हे डॉक्टरांनी मलाच बजावलेलं. सकाळी बघते तर दगड. मुठीत धरून वितळवली, पदराला पुसावी तशी ओढणीला पुसली आणि जागेवर ठेवली. पाण्यासारखीच तर दिसत होती! सणासुदीचा ओरडा कोण खाणार?

सुमी तेच टोचून घेत राहिली. तिसऱ्या दिवशी ओकाऱ्या, धाप, दवाखाना. आई कपाळ बडवत म्हणाली, "गुऱ्हाळावरचा गूळ खाल्ला असंल कार्टीनं." सुमी खाटेवरनं पुटपुटली, "न्हाई खाल्ला गं." आणि मी — मला कुणी विचारलंही नव्हतं — मी म्हणाले, "खाल्ला. मी बघितलं."

दवाखान्यातल्या नव्या बाटलीनं ती वाचली. वाचली नसती तर मी बोलले असते? नसते. स्वतःला ओळखते मी.

सुमी माहेरी आली की आई अजून गुळाचा डबा कपाटावर चढवते. आणि सुमी? "खाल्ला असंल बाई, मला आठवत न्हाई," म्हणते. स्वतःच्या जिभेपेक्षा तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.

त्या हिरव्या पेशी मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या. सुमीला गूळ खाताना बघितलं नव्हतं. तिनं खाल्लाच नव्हता. बाटली मी गोठवली होती.