सुभेदारांच्या बुटाची नाडी

शाळेच्या झेंडावंदनाला आमच्या गावचे सुभेदार पाहुणे म्हणून यायचे होते. त्यांना आणायला मी रिक्षा घेऊन गेलो, तर ते ओट्यावर बसून बुटाची नाडी बांधत होते. उजव्या हाताला दोनच बोटं. बाकीची बर्फात गेली, लढाईत जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन डोंगर उतरताना. त्यासाठी मिळालेलं शौर्यपदक आज कोटावर होतं, तेही बायकोने हट्टाने लावलेलं.

नाडी पुन्हा निसटली. उशीर होत होता, म्हणून मी खाली वाकलो.

"राहू द्या गुरुजी, जमतंय मला," ते म्हणाले. "पोरानं बिननाडीचे बूट आणलेत. पण ते घातले तर या बोटांना काम काय उरणार?"

मी ओशाळलो आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "त्या दिवशी भीती नाही वाटली?"

"वाटली की. पण गडी पाठीवर होता. त्याला खाली ठेवायचा कुठं?"

शौर्य विजेसारखं लखकन चमकून जात असेल, असं मला आजवर वाटायचं. इथे ते कोवळ्या उन्हात ओट्यावर बसलं होतं आणि निसटलेली नाडी पुन्हा उचलत होतं, जमेपर्यंत उचलणार होतं.

अखेर गाठ बसली. मी घाईने रिक्षाकडे निघालो. मागे वळून पाहिलं, तर सुभेदारांनी दुसरा बूट पुढे ओढला होता.

रिक्षावाल्याला इंजिन बंद करायला सांगून मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो.