चाचांच्या गाळ्याचं गाऱ्हाणं

धर्म धोक्यात आला म्हणून कुणी कुणाचं घर पेटवलं, असं मला सांगायला येऊ नका. आमच्या लालबागच्या चाळीत मी सगळं डोळ्यांनी पाहिलंय. तिथे धोक्यात होता तो रस्त्यावरचा एक गाळा. कसला डोंबलाचा धर्म!

त्या गाळ्यात पिंजारी चाचा आणि चाची राहायची. पुढे कापूस पिंजायचा, मागे चूल. चाळीतल्या सगळ्या गाद्या चाचांच्या हातच्या. मालवणी अशी बोलायचे की आई म्हणायची, "ह्यो मेलो आमच्यापेक्षा मालवणी!" चाळीच्या मालकाला तो गाळा मोठ्या दुकानाला द्यायचा होता. चाचा हलेनात, आणि अख्खी चाळ त्यांच्या पाठीशी. संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघाला की माझे वडील, म्हणजे आमचे दादा, आणि चाचा खांद्याला खांदा लावून घोषणा देत जायचे. मालकाचं काही चालेना.

मग एक पुढारी उगवला. कपाळाला टिळा, तोंडात सदा धर्म. चळवळीतल्या लोकांची एकी ज्यांना खुपत होती, त्यांनीच त्याला पालिकेच्या निवडणुकीत उभं करायचं ठरवलं होतं. हे आम्हाला मागाहून कळलं. त्या वर्षी मालकाच्या पैशाने त्याने आमच्या गणपतीला झगमगाट केला. लोक खूश. बदल्यात त्याने एकच मागितलं, गाऱ्हाणं घालायचा मान.

आरती झाली की एकाने नारळ हातात धरून सगळ्यांसाठी देवाकडे मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही आमची कोकणातली रीत. इतकी वर्षं तो मान दादांचा होता. दादा म्हणाले, "घालूंदे. देवासमोर वाकडा काय बोलतलो?"

पुढाऱ्याने सुरुवात केली. पोराबाळांना सुखी ठेव. व्हय म्हाराजा. गिरणीतल्या कामाला बरकत दे. व्हय म्हाराजा. आणि त्याच दमात, "जो आमच्या धर्माचो नाय, त्येचो ह्या चाळीतसून पाय निघांदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळी चाळ म्हणाली. तोंडाला सवय, कान कुठे होते कुणाचे! आणि मागच्या खांबापाशी दरवर्षीसारखे हात जोडून उभे असलेले चाचा, तेही म्हणाले. सगळ्यात मोठ्याने. मग त्यांचे जोडलेले हात खाली आले आणि ते इकडेतिकडे बघायला लागले. ते तोंड मला अजून दिसतं.

विसर्जनानंतर, भर दुपारी, कुणीतरी रॉकेलचा पेटता बोळा गाळ्यात फेकला. आत नुसता कापूस. चाचांनी चाचीला ओढून बाहेर काढलं, त्यात दोन्ही हात भाजले. फेकणारी पोरं पुढाऱ्याच्या मागे फिरणारी, "धर्मासाठी केलं" म्हणून छाती काढून सांगत होती. शिरा पडो त्यांच्या तोंडावर! चाचा इस्पितळातून येईपर्यंत गाळ्याला मालकाचं कुलूप. विचारायला गेले, तर मालक म्हणतो, "तूच नाही का म्हणालास, होय महाराजा?"

चाचा-चाची अँटॉप हिलच्या बाजूला एका झोपडीत गेली. गाळ्याला रंग लागला आणि तिथे पुढाऱ्याची प्रचाराची कचेरी थाटली. निवडणूक झाल्यावर तिथे मालकाच्या मेव्हण्याचं कापडदुकान आलं. धर्म कुठे गेला म्हणाल, तर भाडं खायला गेला!

पुढच्या गणपतीत दादांनी मानाचा नारळ हट्टाने मागून घेतला. दादा चाचांना सांगून आले होते, "ह्या वर्षी गाऱ्हाणा तुझा. चाळ व्हय म्हणली की मालकाक गाळो खाली करूक लावतंय." पुढारी आणि मालक पहिल्या रांगेत बसलेले. दादांनी नारळ वर धरला. "हो गाळो ज्येंनी जाळल्यानी, जाळूक ज्येंनी पैसो दिल्यानी, नि देवाचा नाव घेवन ज्येंनी मतां मागल्यानी, त्येंका तू बघून घे, आणि माझ्या चाचाक त्येचा घर परत दी, रे म्हाराजा!"

कुणी बोललं नाही. दादांनी पुन्हा म्हटलं. माणसं पायांकडे बघत राहिली. घराघरात त्याच चाचांनी भरलेल्या गाद्या, आणि एकाची जीभ उचलेना! आधीच्या वर्षी न ऐकता होय म्हणाले होते. ह्या वेळी सगळ्यांनी नीट ऐकलं होतं.

दादांनी नारळ पिशवीत टाकला, मला म्हणाले, "चल गो." आम्ही तडक अँटॉप हिलला गेलो. चाचा दारातच बसले होते. आखडलेल्या बोटांनी त्यांनी नारळ घेतला.

"घातलंस गाऱ्हाणा?"

"घातलंय."

"चाळ काय म्हणाली?"

आयुष्यात कधी खोटं न बोललेले दादा चाचांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "व्हय म्हाराजा."