राणी रंगाचे चाळीस शर्ट

मला शिवण आईने शिकवलं. ती लालबागच्या आमच्या चाळीत बायकांचे ब्लाउज शिवायची, आणि मशीन मोकळं मिळालं की मी माझे शर्ट शिवायचे. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, वरळीला एका ऑफिसात कामाला होते. तिथे सगळे काळं नाहीतर राखाडी घालत. एसीत ते चालून जाई, पण संध्याकाळी बाहेर पडलं की पाच मिनिटांत कापड पाठीला चिकटायचं. माझ्या वयाची पोरं एप्रिल-मेमध्ये जाडजूड काळे टीशर्ट घालून, कॉलर सोडवत, फुंकर मारत हिंडायची. मला वाटायचं, आपल्या हवेत असं कोण कपडे करतं?

म्हणून मी सैल शर्ट शिवायला घेतले. पातळ सुती कापड, अर्धी बाही, बगलेत मोकळं, दोन्ही बाजूंना चीर, एक खोल खिसा. आणि रंग असे की लांबून दिसावेत: राणी, पोपटी, हळदी. कॉलेजातल्या मैत्रिणींनी पाहिले, मागून घेतले. त्यांतली एक आमच्याच गल्लीतल्या लेझीम पथकात होती. तिने बाईंना सांगितलं.

बाई म्हणजे पथकाच्या प्रमुख. परळच्या एका शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या, बोलणं कमी आणि शिट्टी जास्त. पथकात चाळीस मुलंमुली. दर वर्षी त्यांना कुणीतरी चकचकीत पॉलिस्टरचे टीशर्ट द्यायचं, पाठीवर देणाऱ्याचा भलामोठा फोटो. एकदा नाचून झालं की ते टीशर्ट फरशी पुसायला जायचे. बाईंनी मला बोलावलं आणि विचारलं, पाडव्याला चाळीस शर्ट होतील का. मी होतील म्हटलं. माझी एकच अट होती, पाठीवर काही छापायचं नाही. मला ते शर्ट दुसऱ्या दिवशी कॉलेजात, कट्ट्यावर, सिनेमाला दिसायला हवे होते.

पांढरं कापड आणून मी चाळीच्या गच्चीवर, लग्नकार्याच्या मोठ्या पातेल्यात स्वतः रंगवलं. दिवसा आई आणि ऑफिसातून आल्यावर रात्री मी, असे तीन आठवडे आम्ही मशीनवर होतो. पाडव्याला सकाळी गिरगावच्या शोभायात्रेत आमचं पथक उभं राहिलं तेव्हा रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. राणी रंगाचे शर्ट, खाली पांढऱ्या विजारी. मी फुटपाथवरून त्यांच्याबरोबर चालत होते आणि माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

तासाभराने ऊन चढलं. मुलं घामाने निथळली आणि पहिल्यांदा एका मुलीच्या मानेवर मला गुलाबी ओघळ दिसला. मग दुसरीच्या. मग विजारींवर डाग पडू लागले, कमरेपासून खाली, ओघळत गेलेले. बघणाऱ्यांतलं कुणीतरी हसून म्हणालं, यांची होळी अजून चालूच आहे वाटतं. मुलांनी ऐकलं. कुणी थांबलं नाही, शेवटपर्यंत खेळले, पण एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही.

बाई नंतर म्हणाल्या, एक मेला दादरच्या मैदानात कार्यक्रम आहे, तिथे पुन्हा फोटोचे टीशर्टच घालू. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं.

घरी येऊन मी मुलांनी परत दिलेल्यांतले चार शर्ट बादलीत टाकले आणि मोरीशी बसून राहिले. पाणी लालभडक झालं होतं. बाबा मागे येऊन कधी उभे राहिले कळलं नाही.

बाबांबद्दल सांगायला हवं. तरुणपणी ते गिरणीत होते, रंगखात्यात. गिरणी बंद पडली तेव्हा मी पाळण्यात होते. नंतर त्यांनी एका इमारतीत लिफ्टमन म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. गिरणीबद्दल घरात ते कधी बोलले नाहीत. कुणी विषय काढला की उठून खाली जायचे. त्यामुळे गच्चीवर मी पातेलं चढवलं, तेव्हा त्यांना विचारावं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्यांनी बादलीतून एक शर्ट उचलला, पिळला, बाही दोन बोटांत धरून चोळली. मग मालवणीत म्हणाले, "रंग बसलो नाय गो बाय. नुसतो टेकलो हा."

मी म्हटलं, मग बसवतात कसा?

त्यांनी शर्ट बादलीच्या काठावर टाकला. मग खाली बसले आणि सांगू लागले. कोऱ्या कापडाला खळ असते, ती आधी उकळून काढायची, नाहीतर रंग आत शिरतच नाही. मी ती काढलीच नव्हती. मग रंगात मीठ किती, धुण्याचा सोडा कधी, आणि तो एकदम नाही, थोडा थोडा. शेवटी साबणाच्या उकळत्या पाण्यात कापड घोळवायचं, सुटा रंग निघून पाणी स्वच्छ येईपर्यंत. "घाईत हेच लोक सोडतात," ते म्हणाले. आई दारात उभी राहून ऐकत होती. तिनेसुद्धा हे पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे जाऊन एक संधी मागितली. त्यांनी विचार करून सांगितलं, एक शर्ट आण, मी स्वतः घालीन, पांढऱ्या साडीवर, आणि पूर्ण सराव घेईन.

बाबांनी आधी तुकडे रंगवले. प्रत्येक तुकड्याला पांढऱ्या कापडाची पट्टी जोडायची, ती दंडाला बांधायची, वर सदरा घालायचा आणि भर दुपारी लालबागहून दादरला चालत जाऊन परत यायचं. घामाएवढी खरी परीक्षा नाही, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशी पट्टी गुलाबी झाली. दुसऱ्या दिवशी फिकट गुलाबी. आई ओरडली, साठी उलटलेल्या माणसाने उन्हात फिरू नये. त्यांनी टोपी घातली आणि निघाले. पाचव्या दिवशी ते जिना चढून आले, दंडावरची पट्टी सोडली आणि माझ्या हातात ठेवली. पांढरीशुभ्र होती.

बाईंनी शर्ट घातला, दोन तास सराव घेतला. शेवटी पदर उलटून पाहिला आणि म्हणाल्या, "चाळीसच्या चाळीस असेच आण."

एक मेला ऊन असं होतं की मैदानातली माती पायाला चटके देत होती. आमच्या आधीची दोन पथकं पॉलिस्टरमध्ये होती. त्यांतली मुलं खेळ संपताच मांडवाच्या सावलीत धावली, टीशर्ट अंगापासून सोडवत. मग आमची शिट्टी वाजली. हलगी सुरू झाली आणि चाळीस राणी शर्ट एकदम खाली वाकले, एकदम उठले. वारा बाजूच्या चिरांतून शिरून शर्ट फुगवत होता. मुलांनी ठरलेला खेळ संपवला, आणि लोक हलेनात म्हणून बाईंनी पुन्हा शिट्टी दिली. दुसऱ्यांदा ती जास्त जोरात खेळली. घामाने शर्ट गडद झाले होते, पण विजारींवर एक ठिपका नव्हता. मी एकेक विजार नजरेने तपासली. शेजारी बाबाही तेच करत होते, ओठ हलवत.

खेळ संपल्यावर मुलं सावलीत गेलीच नाहीत. सरळ माझ्याकडे आली आणि मला उचललं. दुसऱ्या पथकातल्या मुली शर्टाला हात लावून विचारत होत्या, हे कुठे मिळतात. बाईंनी बाबांना विचारलं, हे काम कुठे शिकलात? बाबा ताठ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "रंगखात्यात. अठरा वर्षं." आसपासच्या दहा जणांनी तरी ऐकलं असेल.

त्या पावसाळ्यात मी ऑफिस सोडलं. कॉटन ग्रीनला एका जुन्या गोदामाचा कोपरा मिळाला, तिथे आता आमची पातेली आहेत. रंगाचं सगळं बाबा बघतात आणि माझ्यावरही डाफरतात. जांभळ्यासाठी त्यांनी मला सात वेळा परत करायला लावलं.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं दादरला फुलबाजाराजवळून चाललो होतो. समोरून एक अनोळखी मुलगी आली, आमचा पोपटी शर्ट, खाली फाटकी जीन्स, कानात हेडफोन. बाबांनी तिला थांबवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी गंभीरपणे विचारलं, धुतल्यावर रंग जातो का.

ती हसली. "नाही हो काका. आईने तर सोफ्याच्या पांढऱ्या कव्हरांबरोबर धुतला."

बाबांनी मान डोलावली, तिला वाट करून दिली, आणि मग रस्ताभर ते माझ्यापेक्षा चार पावलं पुढे चालत होते.