सराट्याचा वाफा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आधी आत्याचं नाव घेईन. वडील गेल्यावर तिनेच मला सोनपेठजवळच्या तिच्या गावी वाढवलं. दुसऱ्यांच्या रानात खुरपणीला जाऊन मला शिकवलं. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच.

नोकरी लागून परभणीत बिऱ्हाड केल्यापासून तिला इथली मोठी वनस्पती-बाग दाखवायचं माझ्या मनात होतं. यंदा पोळा झाल्यावर ती आली. रविवारी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आम्ही नवरा-बायको, दोन्ही मुलं आणि आत्या असे निघालो.

"एवढी झाडं, अन् एकाचंबी फळ बाजारात जात न्हाई?" आत्याने दोनदा विचारलं. मुलं चपला काढून हिरवळीवर पळत सुटली. आम्ही सतरंजी अंथरत होतो, तेवढ्यात मागून पहारेकऱ्याचा आवाज आला.

"ओ मावशी, काय करायलात?"

औषधी वनस्पतींच्या वाफ्यापाशी आत्या उकिडवी बसली होती. हातात मुळासकट उपटलेला सराट्याचा, म्हणजे गोखरूचा, काटेरी वेल.

"सराटा काढायलेय बाबा. लेकरं अनवाणी हिंडायलीत, काटे रुततेत."

"अवं, लावलेला हाय तो! औषधाचा हाय. पाटी हाय की तिथं."

"सराटा लावलाय?" आत्या माझ्याकडे वळली. "खरं बोलायलाय का रे हा?"

माझ्या बायकोला हसू आवरेना. पहारेकऱ्याला मात्र हसू आलं नाही. "एकच जगला होता, मावशी. सायेब मला बोलतेल."

आत्याचा चेहरा उतरला. तिने बोटांनीच खड्डा केला, वेल पुन्हा लावला, आळं करून आमच्या बाटलीतलं पाणी घातलं. जन्मभर जो उपटत आली, तोच ती जपून लावत होती. नंतर दशमी तिच्या घशाखाली उतरेना.

"त्याच्या पोटावर पाय आला रे माझ्यामुळं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एसटीत बसताना तिने बजावलं, "जगला का बघ. अन् खोटं सांगू नको."

तिला कमी ऐकू येतं, फोनवर बोलणं जमत नाही. पण सावकाश वाचता येतं. म्हणून महिन्याभराने मोठ्या अक्षरांत पत्र लिहिलं:

"आत्यास नमस्कार.

काल बागेत जाऊन आलो. तू लावलेला वेल वाळला. पण उपटताना त्याच्या काटेरी बिया मातीत गळाल्या होत्या, त्या मधल्या पावसात उगवून आल्यात. सगळा वाफा भरलाय. सराटा कधी मरतो का, हे तुला मी काय सांगावं! पहारेकऱ्याला कुणी बोललं नाही. तोच म्हणाला, 'मावशीला पाठवा, आता थोडे उपटायचेत.'

दिवाळीला ये. या वेळी दशमी पोटभर खा.

तुझं लेकरू"