हात तेवढे दिसतात

आमच्या बाल्टिमोरच्या चर्चमध्ये थर्मन गॅस्किन्स ऐन विशीपासून ऑर्गन वाजवत होता. त्याला बायका नकोत, पुरुष हवेत, हे पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. “ब्रदर थर्मनला अजून मनासारखी मुलगी भेटली नाही,” असं म्हणायचं आणि ऑर्गन ऐकायचा, हा आमचा शिरस्ता. पास्टर हार्ग्रोव्ह त्याच्यासारख्यांना नरकात धाडायचे, त्या नरकाला साथही थर्मनचीच असायची. आणि आम्ही सगळे ‘आमेन’ म्हणायचो, निर्लज्जपणे.

शनिवारी एव्हरेट टॉलिव्हरच्या घरी थर्मन आणि त्याच्यासारखे चार-पाच काळे पुरुष जमत. कोंबडी तळायची, एकमेकांना बायकी हाका मारत यथेच्छ टर उडवायची, मग कविता वाचायच्या. त्या कवितांचं त्यांनी घरीच टाचून एक मासिक काढलं. सगळ्यांनी आपापली नावं घातली. थर्मनने नुसती कविता दिली.

“अगं बये, नाव कुठाय?” एव्हरेटने विचारलं.

“नाव चर्चचं आहे. ते मागू नकोस.”

“चर्चला तुझं नाव नकोय, भवाने. हात हवेत.”

सगळे हसले. थर्मनही हसला.

त्याच साली एव्हरेटचा अलॉन्झो एड्सने गेला. दोघांनी सगळी तरुणपणाची वर्षं एका घरात काढली होती, शेवटी त्याचं हगणंमुतणं एव्हरेटनेच काढलं. अलॉन्झोच्या आईने, सिस्टर ओडेसाने, सगळीकडे कॅन्सर सांगितला आणि अंत्यविधीला एव्हरेटला मागच्या बाकावर बसवलं.

आमच्याकडे अंत्यविधीला कुणीही उठून दोन शब्द बोलू शकतो. माणूस लांबण लावायला लागला, की पास्टर एक बोट वर करतात आणि ऑर्गनवाला आवाज चढवत नेतो. मग बोलणाऱ्याला गुमान खाली बसावं लागतं.

एव्हरेट उठला. “एक कविता वाचा, असं अलॉन्झो सांगून गेलाय. मी त्याचा मित्र नव्हे. मी त्याचा माणूस. आणि ही कविता ज्याची आहे, तो इथेच बसलाय. शेवटी त्याचं नाव घेणार आहे.”

थर्मनने हिशेब केला. नाव घेतलं गेलं, तर उद्यापासून हे चर्च नाही, हा ऑर्गन नाही.

“तुम्हाला माझे हात दिसतात,” एव्हरेट वाचू लागला, “मी दिसत नाही...”

पास्टरांनी बोट वर केलं.

थर्मनला हात मांडीवर ठेवता आले असते. एव्हरेट त्याच्याकडेच पाहत होता.

थर्मनने ऑर्गनचा आवाज चढवला. असा ऑर्गन आम्ही कधी ऐकला नव्हता. बायका उठून नाचायला लागल्या, एकीचं भान हरपलं, तिला दोघींनी धरलं. एव्हरेट बसला नाही. त्याचे ओठ हलत होते, आणि कुठली ओळ चाललीय ते थर्मनला अचूक कळत होतं. शेवटच्या ओळीशी त्याने आवाजाच्या पायपट्टीवर पाय दाबून ठेवला. नाव घेतलं गेलं, पण ते कुणालाच ऐकू आलं नाही. एव्हरेट कागद बाकावर टाकून निघून गेला.

विधी संपल्यावर सिस्टर ओडेसा ऑर्गनपाशी आली.

“बाळा, आज तुझ्या हातांत देव उतरला होता. त्या मेल्या एव्हरेटचा एक शब्द कानावर पडला नाही बघ!”

“नाही पडला, मावशी,” थर्मन म्हणाला.

तिने त्याचे दोन्ही हात धरले आणि त्यांचे मुके घेतले.