लोटनचा अंगठा

लोटन मिस्तरीने बिडी सोडली ती पेट्रोलच्या धाकाने. १९३६ साली धुळ्याच्या एका शेठजींनी दोन माणसांचं विमान घेतलं आणि आपल्या जिनिंगच्या कारखान्यात राबणाऱ्या लोटनला महिनाभर मुंबईला धाडून ते सांभाळायला शिकवलं. त्याला अक्षरओळख नव्हती, पण नुसत्या आवाजावरून तो इंजिनाचं दुखणं ओळखी.

दसऱ्याला शेठजींना विमान पुजायचं होतं. पूजा आधी, पेट्रोल मागून, असं लोटनने तीनदा बजावलं होतं. पण आरती संपताक्षणी पंखा गरगरावा आणि दोंडाईच्याच्या व्याह्यांनी तोंडात बोटं घालावीत, ही शेठजींची हौस. त्यांनी इंजिनाला आधीच पेट्रोल पाजायला लावलं. ते खाली ठिबकत होतं. लोटन ताटाच्या आडवा आला, तर चारचौघांत त्याला सुनावलं की मिस्तरीने मिस्तरीसारखं राहावं. आणि पेटत्या कापराचं ताट खुशाल इंजिनापाशी ओवाळलं.

भडका उडाला. शेठजी धोतर सावरत पळाले ते थेट मोटारीत जाऊन बसले. व्याह्यांनी कळशी उपडी केली, तसं जळतं पेट्रोल पाण्यावरून चाकापर्यंत गेलं. पाणी नको, माती टाका, म्हणून लोटन ओरडला. एकही शहाणा हलला नाही. शेवटी त्यानेच डावा हात आगीत घालून पेट्रोलची चावी बंद केली आणि उजव्या हाताने माती लोटत राहिला. विमान वाचलं. हात गेला.

आठव्या दिवशी शेठजींचा मुनीम, होरपळलेल्या इंजिनाच्या भरपाईसाठी विमा कंपनीला द्यायचा कागद घेऊन लोटनच्या घरी आला. त्याने तो वाचून दाखवला: मिस्तरीच्या बिडीने आग लागली. अंगठा उठवलास तर नोकरी राहील, म्हणाला. लोटनने चिंध्या गुंडाळलेला डावा हात पुढे केला. मुनीम निर्लज्जपणे म्हणाला, "उजवा चालेल."

लोटनच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने उजव्या हाताची मूठ वळली.

"आग शेठनी लायी. मी इझाडी. हाऊ अंगठा मी देवाव नही."

नोकरी त्याच दिवशी गेली. पुढे बोदवडला एका पिठाच्या गिरणीत तो एका हाताने इंजिन चालवायचा. तिथे पेट्रोल नव्हतं, धाक नव्हता, सगळे मजेत बिड्या ओढत. लोटनने मात्र मरेपर्यंत बिडीला हात लावला नाही. शेठचं खोटं खरं ठरेल, म्हणायचा.