लाल दिवा गेला का?

आमच्या ऑफिसात सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा मान माझा. सदाशिव पेठेत एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं करसल्लागाराचं ऑफिस. सर, आम्ही चार-पाच माणसं, आणि माझ्या टेबलामागे कपाटाच्या आडोशाला सर्व्हर. सगळ्या अशिलांचे हिशेब त्याच्या पोटात. तो म्हातारा झाला होता आणि म्हाताऱ्यांसारखेच त्याचे नखरे होते. बटण दाबलं की आधी कण्हायचा, मग लाल दिवा लावून बसायचा. तो दिवा जाईपर्यंत कुणी आपला कॉम्प्युटर सुरू करायचा नाही, नाहीतर सगळंच अडकायचं. उन्हाळ्यात त्याची एक बाजू उघडी ठेवून टेबलफॅन लावायचा. तरीही रुसला, तर आतली मेमरीची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवायचा आणि परत बसवायची. हे मला एका दुरुस्तीवाल्याने शिकवलं होतं. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये खोडरबर असायचा.

काहीही अडलं की सर म्हणायचे, "बाईंना विचारा." मुलाच्या लग्नात हातात अक्षता घेऊन उभी होते, तर ऑफिसचा फोन. मंगलाष्टकं चालू असताना मी पदराआड फोन धरून विचारलं, "लाल दिवा गेला का? नाही ना? मग थांबा थोडं." विहीणबाईंनी वळून पाहिलं. नंतर मी सगळ्यांना सांगत सुटले, काय मेला त्रास आहे, लग्नातसुद्धा सोडत नाहीत. खरं सांगते, मला ते फार आवडायचं.

मग ती आली. मूळची नागपूरची, तिशीची, मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणारी. सरांच्या कुणा ओळखीच्याने पाठवली. पहिल्याच दिवशी तिने आमचा उघडा सर्व्हर पाहिला, त्याच्यापुढे फिरणारा पंखा पाहिला आणि म्हणाली, "बाई, याला आता पेन्शन देऊन टाका ना!"

सर हसले. इतक्या वर्षांत माझ्या एकाही विनोदाला सर हसलेले नाहीत.

"नवीन मी बसवून देतो ना सर, टेन्शनच नका घेऊ," ती म्हणाली. तिकडच्या मुली स्वतःबद्दल असंच मुलग्यांसारखं, 'देतो', 'करतो' बोलतात. आमच्यापैकी कुणी असं बोललं असतं, तर सरांनी अर्धा तास शिकवणी घेतली असती. तिचं मात्र त्यांना गोड वाटलं. मला हेवा वाटला, अगदी सरळसरळ हेवा. पोटात दुखायला लागलं आणि ते काही ओव्याने थांबणारं नव्हतं.

नवा सर्व्हर चपलांच्या खोक्याएवढा निघाला. आवाज नाही, कण्हणं नाही. कुणीही कधीही यावं, आपला कॉम्प्युटर लावावा. जुना माळ्यावर गेला. नव्याचे नऊ दिवस, असं मी मनाशी म्हटलं आणि वाट बघत बसले.

वाट फुकट गेली नाही. एकाच्या हातून एका अशिलाचे जुन्या वर्षांचे हिशेब पुसले गेले. ती म्हणाली, काळजी नाही, सगळ्याची दुसऱ्या डिस्कवर रोज आपोआप नक्कल होते. बघितलं, तर डिस्क कोरी! तिने नकलेची वेळ लावली होती दुपारी दोनची. आमचं ऑफिस एक ते चार बंद, तेव्हा मशीन मोकळं असणार, हा तिचा हिशेब. पण एक वाजता निघताना मी मेन स्विच खाली ओढते, माझ्या आधीच्या बाईही ओढायच्या. नवं खोकं बॅटरीवर जरा वेळ तग धरून निमूट झोपायचं आणि चारला उठायचं. दोन वाजता ते कधी जागंच नव्हतं.

"काहून बंद करता बाई?" तिने कपाळाला हात लावून विचारलं.

"ऑफिस बंद म्हणजे बंद," मी म्हटलं.

त्या दिवशी मला काय आनंद झाला म्हणून सांगू! जुना सर्व्हर माळ्यावरून खाली आणवला. पंखा लावला, खोडरबर फिरवला. लाल दिवा लागला. सगळे माझ्यामागे गोळा होऊन उभे, तीसुद्धा. दिवा गेला आणि हिशेब जसेच्या तसे मिळाले. आता सर काय म्हणतात म्हणून मी वळले, तेवढ्यात ती पुढे झाली. "चूक माझी आहे सर. इथं कसं चालते ते बाईंना आधी विचारायला पाहिजे होतं."

सर सगळ्यांकडे बघून म्हणाले, "चूक कशी कबूल करतात, ते शिका हिच्याकडून."

मशीन जागं केलं मी आणि कौतुक चुकणारीचं! त्याच आठवड्यात मेन स्विचपाशी तिच्या हातची चिठ्ठी लागली: कृपया बंद करू नये, धन्यवाद. आमच्या पेठेत पाटीवर धन्यवाद कुणी लिहीत नाही. जुन्यातलं उरलंसुरलं सगळं तिने नव्यात घेतलं आणि सर्व्हर भंगारवाल्याने नेला. पंखा सरांच्या केबिनमध्ये गेला.

विवरणपत्रांच्या दिवसांत मी कधी रजा घेत नसे. यंदा मुद्दाम घेतली. कळू दे म्हटलं. गुहागरला धाकट्या बहिणीकडे गेले आणि फोन उशाशी, ओट्याशी, झोपाळ्यावर, सगळीकडे सोबत नेला. तो वाजला नाही. शेवटी मीच ऑफिसला लावला. तिनेच उचलला. "सगळं मस्त चालू आहे बाई, तुम्ही निवांत राहा ना!"

दुसऱ्या दिवशी पडवीत आम्ही आमसुलं बरण्यांत भरत होतो. बहीण म्हणाली, "ताई, यंदा तुझ्या ऑफिसचा फोन कसा नाही आला गं?"

"येईल की," मी म्हटलं.

आणि खरंच वाजला. कर्ज हवंय का, असं कुणीतरी मुलगी विचारत होती. मी उठून अंगणात गेले, बहिणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "लाल दिवा गेला का? नाही ना? मग थांबा थोडं."

पलीकडून "मॅडम? मॅडम?" चालू होतं. मी फोन ठेवला.

"रजेवरसुद्धा सोडत नाहीत हो तुला," बहीण म्हणाली.

"काय करणार," मी म्हटलं, "माझ्यावाचून अडतं त्यांचं."